युनॅनिमसप्पांचा नळ

धारवाडला मुरलीधर ओणीत, म्हणजे बोळात, शिरून कुणी वादिराजराव हेडक्लार्कांचं घर विचारलं, तर लोक आधी डोकं खाजवायचे. मग एखाद्याच्या डोक्यात उजेड पडायचा. "यार्री, नम्म युनॅनिमसप्पा?" आपला युनॅनिमसप्पा होय, असं कानडीत विचारून तो बोळाच्या मधोमध असलेला उंच कट्टा दाखवायचा. कट्ट्यावर पितळी कडीचा दरवाजा, दरवाजाशेजारी भिंतीला टेकून छत्री, आणि छत्रीशेजारी तितकेच सरळ, तितकेच काळे आणि तितकेच बारीक वादिराजराव.

हे नाव त्यांना पोरांनी दिलं असलं तरी शब्द त्यांचा स्वतःचा होता. कचेरीत असताना त्यांच्यावर एक गोरा साहेब होता. कुठलीही गोष्ट एकट्यानं ठरवली असं दिसू नये, ह्याची त्याला फार काळजी. म्हणून तो तीन कारकुनांना समोर उभं करायचा, आपल्याला काय करायचंय ते सांगून मोकळा व्हायचा, तोंडातला चिरूट बाजूला घ्यायचा आणि हनुवटी छताकडं नेऊन विचारायचा, "आर वुई युनॅनिमस, जंटलमेन?" तिघे कारकून आपापल्या पायाच्या अंगठ्याकडं बघायचे. साहेब म्हणायचा, "व्हेरी गुड. युनॅनिमस." आणि चिरूट परत तोंडात.

ह्या शब्दाचा अर्थ वादिराजरावांना कुणी सांगितला नाही. तो त्यांना वापरावरून कळला. एकानं बोलायचं आणि बाकीच्यांनी अंगठ्याकडं बघायचं, ह्याला इंग्रजीत युनॅनिमस म्हणतात. साहेब पुढं विलायतेला गेला, वादिराजराव पेन्शनीत निघाले, आणि येताना कचेरीतून छत्रीबरोबर तो शब्दही घरी घेऊन आले.

घरी कृष्णाबाई. स्वभावानं शांत, पण बोलायला तिखट. सकाळी वादिराजराव पंचा झटकत स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी उभे राहायचे आणि आज वांगी करावीत असं जाहीर करून हनुवटी वर करायचे. "युनॅनिमस?" आत चुलीवर दोडका शिजत आलेला असायचा. कृष्णाबाई पळीनं झाकण उचलून बघायच्या आणि म्हणायच्या, "होय की, युनॅनिमस." मग वादिराजराव समाधानानं कट्ट्यावर जायचे आणि जेवताना दोडका खायचे. भाजी कुठली आहे हा प्रश्न गौण. ठराव पास झाला होता.

ओणीच्या बैठकाही त्यांच्याच कट्ट्यावर भरायच्या. गणपतीची वर्गणी, मारुतीच्या देवळाचा चुना, मोकाट गाईचं काय करायचं, सगळं तिथं ठरायचं. आणि ठरायचं ते युनॅनिमसच, कारण वादिराजरावांनी एक रीत बसवली होती. बैठक सुरू झाली की आत कृष्णाबाई हरभऱ्याच्या डाळीचं पीठ कालवायला घ्यायच्या. वाद रंगात आला की कढई चढायची. मिरचीच्या भज्यांचा वास दाराच्या फटीतून कट्ट्यावर यायचा, चर्र असा आवाज यायचा, पण परात बाहेर यायची नाही. परात बाहेर यायची ती ठराव एकमतानं पास झाल्यावरच. एकदा पद्मनाभराव वकील मोकाट गाईच्या बाजूनं तासभर बोलले होते. प्रत्येक वाक्य "प्रश्न असा आहे की" ह्या शब्दांनी सुरू करून ते उत्तर कधीच देत नसत. पण भज्यांचा दुसरा घाणा निघाल्याचा आवाज आला आणि गाईचा वकील बदलला. "प्रश्न असा आहे की," ते म्हणाले, "प्रश्नच नाही." वादिराजरावांनी हनुवटी वर केली, कट्ट्यावर थाप मारली, "पास्ड यु-नॅ-नि-मस-ली," आणि परात बाहेर आली.

एवढ्या सगळ्या ओणीत ह्या रीतीला दाद न देणारा एकच माणूस होता. शेजारच्याच दारातले बाळाचार्य. ते दुसऱ्याच्या घरचं तळण खात नसत. त्यांच्यासाठी कृष्णाबाई केळं ठेवायच्या, आणि केळ्याला वास नसतो. तरी इतकी वर्षं अडलं नव्हतं. गाय, चुना, वर्गणी ह्या गोष्टी आचार्यांच्या लेखी इतक्या खालच्या होत्या की ते नाकातून एक "हं" सोडायचे आणि तो संमती म्हणून धरला जायचा.

मग नळ आला. म्हणजे यायचा होता.

केलगेरीच्या तळ्याचं पाणी गावात आलं होतंच, आता ते लहान बोळांतून फिरवायचं ठरलं. म्युनिसिपालिटीचा ओव्हरसियर सायकलवरून येऊन सांगून गेला की ओणीला एक नळ मिळेल. तो कुणाच्या दारापुढं बसवायचा हे रहिवाशांनी एकमतानं लिहून द्यावं. सोमवारी दुपारपर्यंत कागद आला नाही, तर नळ मागच्या ओणीला.

हे ऐकताना वादिराजरावांचा हात आपोआप स्वतःच्या कमरेकडं गेला. त्याला कारण होतं. ओणीची विहीर पार टोकाला, देवळाच्या आवारात, खोल आणि दगड गुळगुळीत झालेली. दोन महिन्यांपूर्वी कृष्णाबाईंचा उजवा खांदा धरला, वैद्यांनी दोर ओढायचा नाही असं बजावलं, मुलगा-सून पुण्याला, आणि घरात पाणी तर लागणारच. तेव्हापासून मुरलीधर ओणीचा हेडक्लार्क उजाडायच्या आत, कुणी बघायच्या आत, डोक्याला उपरणं गुंडाळून विहिरीवर जायचा. अर्धी घागर विहिरीतच परत सांडायची. उरलेल्यातली अर्धी वाटेत धोतरावर. घरी पोचेपर्यंत जे राहायचं त्याच्याकडं बघून कृष्णाबाई म्हणायच्या, "एवढं आणायला गेलात कशाला, मी आचमनाची पळी दिली असती की."

तेव्हा नळ यायलाच हवा होता. कुणाच्याही दारात येवो, पण यायला हवा होता.

पहिली बैठक शुक्रवारी संध्याकाळी भरली. पद्मनाभराव म्हणाले, प्रश्न असा आहे की त्यांच्याकडं पक्षकार लांबून येतात, तहानेले असतात, म्हणून नळ त्यांच्या दारी. यशवंतशेटची कापडाची पेढी हुबळीला. रोज सकाळच्या गाडीनं जायचे, रात्री परतायचे, आणि बोलणं सगळं वारावर मोजलेलं. त्या दिवशी मुद्दाम लवकरच्या गाडीनं परतले होते. ते म्हणाले की ओणीची लांबी इकडून इतके वार आणि तिकडून तितके वार, आणि मधोमध कापायचं झालं तर कात्री त्यांच्याच दारी पडते. वकील म्हणाले, शेटजींचा गज लहान आहे हे हुबळीत सगळ्यांना ठाऊक आहे. शेट म्हणाले, वकिलांची जीभ मोजायला तो पुरायचा नाही हे धारवाडात ठाऊक आहे.

आत कढई चढली. वास आला. दोघांच्या नाकपुड्या हलल्या, पण जागचं कुणी हललं नाही. आणि त्या शांततेत बाळाचार्य बोलले.

"नळाच्या पोटात काय असतं, ठाऊक आहे?" ते नाकातून, एकेक अक्षर सोवळ्यानं उचलल्यासारखं बोलायचे. "चर्म. चामड्याची चकती. मेलेल्या जनावराच्या कातड्यातून गाळलेलं पाणी. शांतं पापम्. ओणीत नळ नको. माझ्या दारी नको, तुमच्या दारी नको, कुणाच्याच दारी नको."

भजी परातीत गार झाली. मऊ पडली. त्या ओणीत अशी भजी कुणी कधी बघितली नव्हती. सगळे उठून गेले तरी वादिराजराव कट्ट्यावर बसून होते, आणि उद्या पहाटेची विहीर त्यांच्या डोळ्यांपुढं होती.

कृष्णाबाईंनी परात आत नेली आणि सांगितलं की आता रविवारी ठेवा बैठक. वादिराजराव म्हणाले, रविवारी एकादशी. आपल्याकडं थेंबभर पाणी नसतं तोंडात, भजी कुठली. कृष्णाबाई म्हणाल्या, "शेटजी एरवी रविवारशिवाय गावात सापडतात का? आणि भज्यांनी काय केलं शुक्रवारी?" त्यावर वादिराजरावांनी स्वतःच्या पायाच्या अंगठ्याकडं पाहिलं. युनॅनिमस.

रविवारी दुपारी लोक जमले. यशवंतशेट सोडून सगळे निर्जळी उपाशी, त्यामुळं चेहरे सुकलेले आणि बोलणी तुटक. पद्मनाभरावांच्या "प्रश्न असा आहे की" मधला "की" घशातच राहत होता. सगळ्यांत शेवटी बाळाचार्य आले, अंगावर गोपीचंदनाच्या मुद्रा, हातात जपमाळ, ओठ गच्च मिटलेले. नमस्काराला त्यांनी नुसती मान हलवली, तेव्हा वादिराजरावांच्या ध्यानात आलं. यंदाच्या चातुर्मासात आचार्यांनी एकादशीला मौनाचा नेम धरला होता. उद्या सकाळी पारणं सुटेपर्यंत त्यांच्या तोंडून शब्द निघणार नव्हता. वादिराजरावांनी दाराच्या फटीकडं पाहिलं. फटीत कृष्णाबाईंचा एक डोळा होता, आणि तो डोळा अत्यंत निष्पाप दिसत होता.

चर्चा सुरू झाली. वकील आपलं दार सोडेनात, शेट आपलं. मधे आचार्यांचे हात सुटले. आधी त्यांनी एक बोट गोल फिरवून चकती दाखवली, मग स्वतःच्या दंडाचं कातडं चिमटीत धरून ओढलं, मग शिंगं केली. यशवंतशेटनी गंभीरपणे विचारलं की आचार्यांना बैल हवाय काय. आचार्य संतापले. त्यांनी आपल्या घराकडं बोट दाखवलं, आणि मग दोन्ही हात जोरजोरानं हलवले. म्हणजे, निदान माझ्या दारी तरी नाही.

वादिराजराव कचेरीत आयुष्य काढलेले. कागद कुठल्या बाजूनं वाचायचा हे त्यांना कळत होतं. ते हळूच म्हणाले, "आचार्य आपलं दार देतायत."

आचार्यांच्या हातातली माळ थांबली.

पद्मनाभरावांनी क्षणभर यशवंतशेटकडं पाहिलं, शेटनी वकिलांकडं. दोघांच्या डोक्यात एकच हिशेब झाला. माझ्या दारी नाही, पण त्याच्याही दारी नाही. शेट म्हणाले, आचार्यांचं दार म्हणजे पवित्र जागा, आपली काही हरकत नाही. वकील म्हणाले, प्रश्न असा आहे की ह्याहून उत्तम जागा नाही. बाकीच्यांना उपासाचं घरी जाऊन पडायचं होतं. आचार्य उठून उभे राहिले. तोंड बंद, डोळे बाहेर, आणि नाकातून एकसारखं "हूं, हूं, हूं."

वादिराजरावांनी हनुवटी आभाळाकडं नेली. "कुणाची हरकत असेल त्यानं बोलावं." जरा थांबले. "आचार्य हुंकार देतायत. पास्ड यु-नॅ-नि-मस-ली."

त्या दिवशी साहेबानं त्यांना बघायला हवं होतं.

ठराव चांगल्या इंग्रजीत हवा म्हणून ते संध्याकाळी प्रभंजन मास्तरांकडं गेले. मास्तर शाळेत इंग्रजी शिकवायचे, बैठकांना कधी यायचे नाहीत, आणि कुठलाही शब्द कोशात बघितल्याशिवाय कागदावर ठेवायचे नाहीत. त्यांनी बैठकीची हकीकत विचारली. वादिराजरावांनी हातवाऱ्यांसकट करून दाखवली, शिंगंसुद्धा. मास्तर हसून हसून बेजार झाले. मग डोळे पुसत म्हणाले, "पण मग युनॅनिमस कसं लिहायचं, वादिराजअण्णा?"

कुणी विरोधात बोललं नाही, असं वादिराजराव म्हणाले. मास्तरांनी जाड कोश मांडीवर घेतला. "न बोलणं वेगळं आणि हे वेगळं. ह्याच्या पोटात लॅटिनमधले दोन शब्द आहेत. एक, आणि जीव. सगळे मिळून एक जीव. आचार्यांचा जीव ह्यात आहे का? तुम्ही सांगाल तसं लिहून देतो मी. मला काय."

वादिराजराव कोरा कागद घेऊनच घरी आले. आयुष्यभर जो शब्द नाण्यासारखा वापरला तो खोटा निघावा, असं झालं होतं. कृष्णाबाईंना त्यांनी सगळं सांगितलं. त्या खांद्याला तेल चोळत ऐकत होत्या.

"एकजीव म्हणजे आमच्या पिठासारखं म्हणा की," त्या म्हणाल्या. "वरून बघितलं तर सगळं सारखंच दिसतं. गुठळी तळाशी असते. हात घालून फोडावी लागते. नाहीतर कढईत गेल्यावर फुटते आणि तेल अंगावर येतं."

"मग आज दाराच्या फटीतून तूच..."

"मी रविवार सांगितला. अंगठ्याकडं बघा असं नाही सांगितलं कुणाला. उद्या पारण्यानंतर विचारा आचार्यांना. तोंड उघडं असताना."

वादिराजराव म्हणाले की तोंड उघडं असताना ते नाहीच म्हणणार, आणि मग नळ मागच्या ओणीला, आणि मग मी विहिरीवर. कृष्णाबाईंनी तेलाची वाटी त्यांच्या कमरेशेजारी सरकवली.

द्वादशीला सकाळी पारणं लवकर असतं. सूर्य जेमतेम वर आला तेव्हा वादिराजराव कोरा कागद घेऊन आचार्यांच्या दारात उभे. आचार्य पानावरून उठून हात धूत होते. पाहुणा दिसल्याबरोबर कालच्या दिवसभराचं अडवलेलं सगळं बोलणं बांध फुटल्यासारखं बाहेर आलं. कचेरीतले कारकून, गोऱ्यांची विद्या, चर्म, मौनाचा भंग करायला लावण्याचं पाप, उपाशी ब्राह्मणाची थट्टा, शिंगं आणि बैल. वादिराजराव ऐकत राहिले. शेवटी इतकंच म्हणाले की म्हणूनच कागद कोरा आहे, आचार्य. तुम्ही नको म्हणालात तर मी तसं कळवून टाकतो.

"नको म्हणजे नको," आचार्य म्हणाले. "माझं मौन म्हणजे संमती कुणी सांगितली? मी गप्प होतो म्हणून मला विचारायचंच नाही?"

त्याच वेळी ओल्या लुगड्यात अंबूताई विहिरीवरून येत होत्या. आचार्यांच्या पत्नी. आचार्यांना दुसऱ्या कुणी भरलेलं पाणी चालत नसे, त्यामुळं पहाटे थंड पाण्यानं अंघोळ करून, ओलेत्यानं, त्याच भरायच्या. वाटेत कुणाचा पदर लागला, पोर धडकलं, कुत्रं आडवं गेलं, की घागर ओतून देऊन परत विहिरीवर. ओणीतल्या पोरांना त्यांचा चेहरा ठाऊक होता, घागर ठाऊक होती, चाल ठाऊक होती. आवाज ठाऊक नव्हता.

त्यांनी घागर उंबऱ्यात टेकवली. एक हात भिंतीला लावून श्वास घेतला. आचार्यांकडं न बघता त्या वादिराजरावांना म्हणाल्या,

"वादिराजअण्णा, यांचं एक दिवसाचं गप्प बसणं संमती नव्हे, हे अगदी खरं. लिहा तसं. पण मग माझंही मोजा. मी ह्या घरात आल्यापासून गप्प आहे. पाणी मी भरते. मला कुणी विचारलंय का?"

पंचपात्रातलं पाणी आचार्यांच्या बोटांवरून नुसतंच गळत राहिलं. हाच आवाज आपल्या घरात इतकी वर्षं होता हे त्यांना बहुतेक त्याच वेळी कळत होतं.

वादिराजरावांची हनुवटी सवयीनं वर जाऊ लागली होती. त्यांनी ती अर्ध्यावरून खाली आणली. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी हा प्रश्न उत्तर ठाऊक नसताना विचारला. "मग अंबूताई, तुमचं काय म्हणणं?"

"नळ हवा. इथं दारात हवा. यांना विहिरीचं हवं असेल तर दोर तिथंच आहे, आणि हात यांना देवानं दिलेत." एवढं बोलून त्यांनी घागर उचलली आणि आत गेल्या. आतून भांड्याचा आवाज आला. रोजच्यापेक्षा जरा मोठा.

आचार्यांनी पंचपात्र खाली ठेवलं. मग अगदी बारीक आवाजात, नाक मधे न आणता म्हणाले, "लिहा. माझी हरकत नाही. पण मी त्यातलं पिणार नाही."

"हरकत नाही, की हवाय?" वादिराजरावांनी विचारलं. मास्तरांच्या कोशानं त्यांना फारच चोखंदळ करून सोडलं होतं.

आचार्यांनी आत बघितलं. "यांना हवाय तर... हवाय म्हणा."

दुपारी कागद ओव्हरसियरच्या हातात पडला. प्रभंजन मास्तरांनी तो शब्द ठसठशीत अक्षरात लिहिला होता.

नळ बसला. कृष्णाबाई दोन पावलांवरून डाव्या हातानं कळशी न्यायच्या, अंबूताई तर उन्हं येईपर्यंत झोपतात अशी ओणीत बातमी पसरली. आणि उजाडायच्या आत, डोक्याला उपरणं गुंडाळून, कुणी बघायच्या आत, विहिरीवर बाळाचार्य दिसू लागले. ते सोवळ्यात असायचे, पण घागर सोवळं पाळत नव्हती. अर्धी विहिरीत, अर्धी धोतरावर. एकदा वादिराजराव मुद्दाम तिथं गेले आणि स्वतःचा जुना दोर त्यांना देऊन आले. म्हणाले, हा तळहाताला कमी लागतो, अनुभव आहे.

श्रावण संपायच्या आत आचार्य एका संध्याकाळी कट्ट्यावर आले. कुठल्याशा ग्रंथात त्यांना आधार सापडला होता. वाहतं पाणी मुळातच शुद्ध असतं. नदी किती प्रेतांवरून वाहते, तिला कुणी विचारतं काय? आणि नळाचं पाणी वाहतंच. त्यात तुळशीपत्र टाकलं की चर्माचा प्रश्न उरत नाही. त्यांच्या तळहाताला फोड आले होते, त्याबद्दल मात्र ग्रंथात काही नव्हतं.

वादिराजरावांनी गंभीरपणे सगळं ऐकून घेतलं. मग फार दिवसांनी हनुवटी वर केली. "म्हणजे आजपासून नळाचं. युनॅनिमस?"

आचार्यांनी तोंड उघडलं, मिटलं, आणि उपरणं सावरत उठले.

"थांबा जरा," ते म्हणाले. "घरात विचारून येतो."